नेव्हाडातले पाणवठे आणि दोन म्हाताऱ्या गाई

ये गं मुग्धा, अशी जवळ ये, आणि तो फोन आधी पर्समध्ये टाक. थोडी रागावणार आहे मी. दर गणपतीला सनीव्हेलच्या हॉलमध्ये भेटलीस की म्हणतेस, "नलूमावशी, या समरला नक्की येतो हं तुमच्याकडे." समर आला की तुमचं हवाई ठरतं. आणि आता मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम गळ्यात पडलं तेव्हा बरी मावशी आठवली! "मावशी, तुमच्या त्या जॉबबद्दल लिहा ना, ते डेझर्टमध्ये पाणी शोधायचं."

शोधायचं नाही गं. पाणी शोधणारे वेगळे. हातात दुबेळकी काटकी घेऊन फिरतात, तसले इथेही आहेत. मी नकाशे करते. पाणी असतंच. ते नेमकं कुठे आहे, किती आहे, उन्हाळ्यात कधीपर्यंत टिकतं आणि तिथवर गाय पोचते की नाही, एवढं नकाशावर उतरवायचं. पूर्वी कागदावर, आता स्क्रीनवर.

हे काम मला कुणी शिकवलं नाही. यवतमाळला अकरावी झाले, लग्न झालं, यांच्याबरोबर इकडे आले. मुलगा शाळेत जायला लागल्यावर काउंटीच्या ऑफिसात जुने नकाशे फिल्मवर गिरवायला बसले. रांगोळीचा हात होता, शाई सांडत नव्हती, म्हणून टिकले. कॉम्प्युटर आला तेव्हा तो लायब्ररीत जाऊन शिकले, शेजारी शाळकरी पोरं खिदळत असायची. पुढे आमचे हे चिपच्या कंपनीतून रिटायर झाले आणि त्यांना शांतता हवीशी झाली, म्हणून उत्तर नेव्हाडात घर घेतलं. शांतता त्यांना मिळाली आणि काम मला. सत्तरी उलटली तरी एका छोट्या कंपनीसाठी करतेच आहे, रँचवाल्यांच्या कुरणांचे नकाशे.

डेझर्ट म्हटलं की तुम्हाला उंट दिसतो आणि वाळू दिसते. इथे वाळू थोडीच. हा महाबळेश्वरापेक्षा उंच माळ आहे. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात ओठ फाटतात. नजर जाईल तिथवर सेजब्रशची गुडघाभर उंचीची राखाडी झुडपं, डोंगरांच्या रांगा, दोन रांगांमध्ये सपाट खोरी. नद्या आहेत, पण त्या समुद्राला जात नाहीत. वाटेतच कुठेतरी खारट चिखलात जिरून जातात. शेजारचं घर म्हणजे गाडीने पाऊण तास. फोनला रेंज डोंगरमाथ्यावर, ती पण देवाच्या मनात असेल तर.

अशा ठिकाणी गवताला किंमत पाण्यामुळे येते. कुरण कितीही मोठं असो, जिथून पाणी लांब आहे तिथलं गवत गाईच्या लेखी नाहीच. ती पाण्याच्या आसपास चरते, तिथलं सगळं बोडकं करते, आणि डोंगरापलीकडे उभं गवत वाळून जातं. बरीचशी जमीन सरकारी असते, चराईचा परवाना घ्यावा लागतो, आणि कुठल्या कुरणात किती जनावरं केव्हा सोडायची हे पाणी बघूनच ठरतं. म्हणून मी.

नकाशावर पूर्वीपासून झऱ्यांच्या निळ्या खुणा असतात. त्यातल्या बऱ्याच आजोबांच्या काळातल्या. तिथे गेलं तर एखाद वेळी नुसता पांढरा क्षार आणि एक गंजलेली बादली भेटते. आता ऑफिसातली मुलं सॅटेलाइटवरून हिरवे ठिपके शोधून देतात, आणि फार छान देतात हं. जे बघायला माझा आठवडा जायचा ते त्यांना दुपारच्या चहाआधी सापडतं. पण हिरवं का आहे, हे बघायला कुणीतरी तिथे जावं लागतं. झरा असेल, फुटका पाइप असेल, नाहीतर मागच्या आठवड्यातली एक सर. तेवढं मी करते.

जायचं ते सप्टेंबरात. मे महिन्यात इथे सगळंच ओलं असतं, कुठलाही खड्डा स्वतःला झरा म्हणवतो. उन्हाळा संपताना जो वाहतोय तो खरा. बादली धरायची, भरायला किती वेळ लागतो बघायचं. पाणी मीटरने तपासायचं, आणि जिभेनेही. कंपनी म्हणते जिभेने तपासू नका. वाटेत गुरांच्या पायवाटा बघायच्या. वाटा एकमेकींना येऊन मिळायला लागल्या की समज, आपण पाणवठ्याकडे चाललोय. फाटे फुटत चालले की पाठ फिरवलीये. हौदात पक्ष्यांसाठी उतरती जाळी लावली आहे का तेही नोंदवायचं, कारण पाणी प्यायला वाकलेली चिमणी आत पडली तर तिला वर येता येत नाही. असल्या नोंदी करताना मला फार बरं वाटतं.

गिऱ्हाइकं सगळी हॅटवालीच असतात असं नाही. एकदा आपल्यातलंच जोडपं आलं, बे एरियातलं, दोघंही सॉफ्टवेअरवाले. नावं सांगत नाही, तू ओळखशील. त्यांनी इंटरनेटवरून चाळीस एकर घेतली होती, न बघता. "काकू, क्रीक-फ्रंट आहे! नकाशात निळी लाइन आहे, आणि तीही ईशान्येला. वास्तूला परफेक्ट!" मी नकाशा बघितला. रेघ निळी होती, पण तुटक. तुटक रेघ म्हणजे कधीमधी वाहणारं पाणी, आणि इथलं कधीमधी म्हणजे ढगफुटी झाली तर. तरी गेले त्यांच्याबरोबर. ती बाई पायात कोल्हापुरी घालून आलेली. ईशान्य कोपऱ्यात वाळूचा कोरडा पाट, त्यात एक ससा बसलेला. नवरा बराच वेळ फोनमध्ये आणि पाटात आळीपाळीने बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, निदान दिशा तर बरोबर आहे?" मी म्हटलं, "दिशा एकदम बरोबर आहे बाबा. विहीर मात्र नैर्ऋत्येला लागेल." बायको इतकी हसली की तिथेच वाळूत बसली. जमीन ठेवली आहे त्यांनी अजून. वर्षातून एकदा तंबू लावतात, पाणी घरून आणतात.

पण मला लिहायचंय ते ग्लेन आणि डोरिसबद्दल.

ग्लेन म्हणजे आमच्या खोऱ्यातला रँचवाला, साठीचा, कमी बोलणारा. बोलायचं झालं तर आधी हॅट काढून आत बघतो, जणू काय बोलायचं ते तिथे लिहिलंय. त्याच्या कुरणाला लागून डोरिसची जमीन. डोरिस माझ्याहून मोठी, नवरा गेलेला, थोडी गुरं, तीन कुत्री आणि जबरदस्त जीभ. दोघांच्या मध्ये तारेचं कुंपण आणि कुंपणाला खेटून एक झरा, हॅट स्प्रिंग. डोरिसच्या नवऱ्याने तरुणपणी तो स्वतः खणला, लाकडी पेटी पुरून पाणी साठवलं, आपल्या बाजूला पाइप नेऊन हौद बांधला. तेव्हा ग्लेनचे वडील होते, कुणी काही बोललं नाही. ते दोघे गेल्यावर प्रश्न निघाला की झरा कुणाचा. माझ्या नकाशात त्याचा ठिपका पडला ग्लेनच्या बाजूला, कुंपणापासून एका खोलीएवढ्या अंतरावर. मालकी ठरवणं माझं काम नाही, ते मोजणीदार आणि वकील बघतात. पाणी जमिनीतून जिथे वर येतं तिथे मी ठिपका देते. पण त्या दिवसापासून डोरिस ग्लेनशी बोलेनाशी झाली. माझ्याशी बोलायची, पण "ही आमची नेल, ठिपकेवाली" असं. नलिनीचं इथे नेल झालंय.

मग दुष्काळ पडला. कुरणात काही उरलं नाही, तेव्हा ग्लेनने गुरं विकायला काढली. सगळे काढतात. आणि विकताना आधी कुठली काढायची? म्हाताऱ्या. दात झिजलेले, वासरं होण्याचा भरवसा नाही. हिशेबाने बरोबरच होतं. आधी म्हाताऱ्या गेल्या, मग मधल्या, शेवटी सगळ्याच. त्यातल्या दोन डोरिसने बाजारात घेतल्या. लोक म्हणाले, ग्लेनला डिवचायला. डोरिस म्हणाली, "मला त्यांची तोंडं आवडली." एक लालसर, एका शिंगाची, दुसरी काळी, पांढऱ्या तोंडाची. आपल्या दोन आत्यांची नावं ठेवली त्यांना, मेबल आणि रूथ.

पुढे बर्फ चांगला पडला, गवत आलं. ग्लेनने जवळ होतं नव्हतं ते घालून नव्या गाई आणल्या, खालच्या बागायती खोऱ्यातल्या, तरण्याताठ्या, अंगाने चमकणाऱ्या. जुलैत वरच्या कुरणात सोडल्या. मी म्हटलं, "ग्लेन, देखण्या आहेत रे." तो हॅटमध्ये बघत म्हणाला, "हं."

त्या कुरणात पाणवठे दोन. एक सपाटीवर, बोअरची विहीर, सोलरचा पंप. दुसरा वर खडकांच्या घळीत, बारमाही झरा, खाली एक खोलगट डबकं. पंप बंद पडला. त्याचा भाग मागवला, तो यायचा तेव्हा येणार. ग्लेनने मला बोलावलं. घळीत पाणी किती आहे ते त्याला पुन्हा मोजून हवं होतं, एवढ्या जनावरांना पुरेल का. मी बादली लावली, मोजलं. सप्टेंबरपेक्षा बरंच जास्त होतं.

"पुरेल," मी म्हटलं. "टोळ्याटोळ्यांनी आल्या तर आरामात."

"पुरेल ते ठीक आहे," तो म्हणाला. "येणार कशा?"

मला आधी कळलंच नाही. मग त्याने दाखवलं. सगळ्या गाई फाटकाच्या कोपऱ्यात गर्दी करून उभ्या होत्या, जिथून त्यांना आत सोडलं तिथेच, घराकडे तोंड करून हंबरत. त्यांनी जन्मभर सिमेंटच्या हौदात आपोआप भरणारं पाणी प्यायलेलं. त्यांना वाटत होतं, कुणीतरी येईल आणि तिकडे परत नेईल. ग्लेन आणि त्याची मुलगी केसी, दोघं घोड्यावर बसून त्यांना घळीच्या तोंडापर्यंत हाकलत आणत. घळीचं तोंड अरुंद, दोन्ही बाजूंना खडक, आत सावली, आणि पाणी वळणापलीकडे, त्यामुळे दिसत नाही. गाई तिथवर येत, थबकत, आणि वळून, घोड्यांना चुकवून पुन्हा फाटकाकडे धावत. तेवढं धावून आणखी तहानेल्या होत. वीसेक मिनिटांच्या रस्त्यावर पाणी होतं, माझ्या नकाशात अगदी बरोबर होतं, आणि त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

केसी घामाने निथळत माझ्याजवळ आली. "पूर्वी इथे आम्ही काहीच करायचो नाही," ती म्हणाली. "फाटक उघडायचं, म्हाताऱ्या पुढे चालू लागायच्या, बाकीच्या मागे. मला वाटायचं सगळ्याच गाईंना ठाऊक असतं."

"म्हाताऱ्या विकल्या ना," मी म्हटलं.

"सगळ्या विकल्या. डॅडने स्वतः ट्रकमध्ये चढवल्या." मग बापाकडे बघून हळूच म्हणाली, "नेल, या गेल्या तर आमच्याकडे परत घ्यायला काही नाही. रँच मी चालवायचा असं ठरलंय. चालवायला राहायला तर हवा."

टँकरने पाणी आणायला त्यांनी सुरुवात केली होती, पण रस्ता असा की एक खेप आणीपर्यंत अर्धा दिवस जाई आणि पुढच्या गाई पिऊन टाकत, मागच्या चाटत बसत. पुन्हा हाकत घरी आणायच्या तर त्या उन्हात चालवणं आणखी वाईट. मी म्हटलं, "ग्लेन, मेबल आणि रूथ डोरिसकडे आहेत. माग ना."

त्याने हॅट काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "त्यापेक्षा मी टँकर ओढेन," म्हणाला आणि गेला.

म्हणून मी गेले. न सांगता. यांचा फोन आला तो पण उचलला नाही. माथ्यावर रेंज होती तेवढ्यात वाजला, आणि उचलला असता तर "तू कशाला मध्ये पडतेस" ऐकावं लागलं असतं.

डोरिसने दार उघडलं, कॉफी ओतली, पीचचा पाय कापला, तो इथला फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. बसल्यावर म्हणाली, "ग्लेनने पाठवलं तुला?"

"नाही. त्याला ठाऊक पण नाही."

"म्हणजे अजून अक्कल आलेली नाही त्याला."

मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, हे तिच्या बाबतीत फारच झालं. मग म्हणाली, "ऐकू येतं मला. वारा इकडे असला की हंबरणं थेट स्वयंपाकघरात येतं. देते गाई. पण तू तो ठिपका हलव."

"कुठला ठिपका?"

"कुठला ते तुला बरोबर ठाऊक आहे, नेल."

"डोरिस, तो मी नाही ठेवला तिथे. पाण्याने ठेवलाय."

"किती सरकवायचाय? या खोलीएवढा! तिकडे जनावरं तडफडतायत आणि तू एका खोलीसाठी अडून बसलीस."

"आणि तू कशासाठी अडलीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चमचा खाली ठेवला. मग उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. "तो झरा त्याने फावड्याने खणला," ती म्हणाली. त्याने म्हणजे नवऱ्याने. "मी दगड उचलत होते, पोटात मूल होतं. तुझ्या नकाशात तो दिसतो का? एक निळा ठिपका, तोसुद्धा ग्लेनचा."

मी म्हटलं, "आज ठिपका हलवला तर उद्या माझ्या कुठल्याच ठिपक्यावर कुणी गुरं नेऊ नयेत." तिने कप उचलून सिंकमध्ये ठेवले. निघताना उरलेला पीचचा पाय फॉइलमध्ये बांधून दिला मात्र. म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला. तुला नाही."

ट्रकमध्ये बसल्यावर मनात आलंच गं, खोटं कशाला सांगू. स्क्रीनवर बोट ठेवलं की सरकतो तो ठिपका. कुणाला कळणार होतं? पण त्या ठिपक्यांच्या भरवशावर लोक तहानलेली गुरं घेऊन निघतात. मी तशीच परत गेले आणि ग्लेनला सांगितलं की मी मागायला गेले होते आणि ती नाही म्हणाली. तो रागावला नाही. "तू गेलीस?" एवढंच विचारलं. मग म्हणाला, "पंपाचा भाग अजून आला नाही."

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच पुन्हा वर गेले. माझं तिथे काम नव्हतं, पण घरी बसवेना. गाईंचे डोळे आत गेलेले, काही खाली बसल्या होत्या. हंबरणं बसक्या आवाजात. केसी टँकरच्या नळाशी बादल्या लावत होती. तेवढ्यात धूळ उठली आणि डोरिसचा जुना पिकअप खडखडत आला, मागे ट्रेलर. चालवत होती स्वतः. केवढ्याशा उंचीची बाई, स्टिअरिंगच्या चाकातून समोर बघते.

ग्लेन चालत तिच्या खिडकीपाशी गेला. तिने काच खाली केली.

"झोप लागली नाही मला," डोरिस म्हणाली. "तुझी गुरं फार आरडाओरडा करतात."

"हो."

"तुझ्यासाठी आणलेल्या नाहीत या."

"नाही."

"मग दार उघड की ट्रेलरचं. मी या वयात उतरू?"

त्याने उघडलं. आधी मेबल उतरली, मग रूथ. दोघींनी अंग झाडलं, इकडेतिकडे बघितलंही नाही. ग्लेनजवळून जाताना मेबल क्षणभर थांबली, त्याच्या शर्टाला हुंगलं आणि पुढे गेली. डोरिस म्हणाली, "बघ, ओळखलंन, तरी काही बोलली नाही." ग्लेनने हॅट डोळ्यांवर ओढली.

दोघी संथ चालीने, सासुरवाशिणी माहेरच्या अंगणातून चालाव्यात तशा, थेट घळीकडे निघाल्या. फाटकापाशी उभ्या असलेल्या एकदोन तरण्या गाईंनी माना वळवल्या. एक मागे निघाली. मग आणखी दोन. केसी घोड्यावर चढायला लागली तर ग्लेन म्हणाला, "थांब. कुणी काही करू नका." आम्ही सगळे खांबासारखे उभे. घळीच्या तोंडाशी त्या देखण्या गाई पुन्हा थबकल्या. मेबल आत शिरली, खडकाला अंग घासत, वळणाआड दिसेनाशी झाली. रूथ तोंडाशी उभी राहिली, मागे वळून एकदा हंबरली, जाड आवाजात, रागावल्यासारखी, आणि तीही आत गेली. तेव्हा पहिली तरणी गाय आत गेली. मग रांग लागली. नाक शेपटीला लावून, एकीमागे एक, मध्ये ढकलाढकल, आणि थोड्या वेळाने आतून पाण्याचा आवाज आला, खूप तोंडं एकदम पाणी ओढतात तो. केसी जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मीही रडले असेन, धूळ होती खूप.

डोरिस ट्रकमधूनच म्हणाली, "थंडी पडेपर्यंत राहू देत. मग मी घेऊन जाईन. आणि ग्लेन, यापुढे म्हाताऱ्या सगळ्याच्या सगळ्या विकत जाऊ नकोस. उद्या कुणी आपल्याला काढेल बाजारात."

"तुला कोण घेणार?" ग्लेन म्हणाला. इतक्या वर्षांत मी ऐकलेला त्याचा हा पहिला विनोद. डोरिस त्याला एक शिवी देऊन हसत गेली. काय शिवी ते मंडळाच्या अंकात लिहिता येणार नाही.

दोनतीन गाई दगावल्या, तेवढ्यावर निभावलं. बाकीच्या आठवडाभरात आपल्या आपण घळीत जाऊ लागल्या.

सप्टेंबरात मी डोरिसला फोन केला. म्हटलं, चल, हॅट स्प्रिंग दाखव मला, तुम्ही काय काय केलंत ते. ती काठी घेऊन आली. पुरलेली पेटी कुठे आहे ते तिने काठी आपटून दाखवलं, खरोखर पोकळ आवाज आला. पाइप कुठून जातो, कुठे फुटला होता, दगडांची ओळ कुणी लावली. मी एकेक गोष्ट जागच्या जागी टिपत गेले. मग ओल किती दूरवर आहे तिच्या कडेकडेने चालले, लव्हाळं जिथे संपतं तिथून. चालता चालता कुंपणाच्या तारेखालून वाकून डोरिसच्या बाजूला गेले, कारण ओल तिकडे गेली होती, आणि बरीच गेली होती. झरा म्हणजे ठिपका हे नकाशावाल्यांनी सोयीसाठी ठरवलेलं आहे. जमिनीवर तो एक पसरलेला, वेडावाकडा ओला तुकडा असतो. तसाच काढला मी. तोंडाचा, म्हणजे पाणी वर येतं तिथला, ठिपका होता तिथेच, ग्लेनच्या बाजूला. ओल दोन्हीकडे. पेटी, पाइप, हौद, आणि ते कुणी बांधले त्याची नोंद, डोरिसच्या नवऱ्याच्या नावाने. अशी नोंद करायला नकाशात जागा असते. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

डोरिसने चष्मा लावून स्क्रीन बराच वेळ बघितली. "म्हणजे झरा अर्धा माझा?"

"ओल तुझी. तोंड त्याचं."

"तोंड उघडत नाही तो, त्याला काय करायचंय तोंड," ती म्हणाली. पण नवऱ्याचं नाव मोठं करून दाखवायला लावलं, दोनदा.

वाद मिटला म्हणू नकोस. वकिलाची पत्रं अजून जातात-येतात. फक्त आता ती पत्रं ग्लेन स्वतः नेऊन देतो आणि कॉफी पिऊन येतो.

मेबल त्या हिवाळ्यात गेली, रूथ पुढच्या वर्षी. केसीने आता नियम केला आहे, कितीही वाईट साल असलं तरी काही म्हाताऱ्या ठेवायच्याच. ऑफिसातल्या एका हुशार मुलीने मला विचारलं, "हे गाईंना ठाऊक असणं नकाशात कसं दाखवायचं?" आम्ही दोघींनी बरंच डोकं चालवलं. अजून जमलेलं नाही. एवढी वर्षं ठिपके दिले आणि कुठल्या ठिपक्याकडे कोण कुणाला नेतं हे एकदाही टिपलं नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

तर मुग्धा, जुलैत या. केसी वरच्या कुरणात गाई सोडते तेव्हा मी मागून चालत जाते. गुडघे कुरकुरतात, पण अजून जाते. जावईबापूंना घेऊन ये, पोरांना आण. ती इंग्लिशमध्ये कंटाळली तरी चालेल, गाईंना काही फरक पडत नाही. बूट चांगले आणा, हॅट आमच्याकडे आहेत, पोहे आमचे हे करतील. आणि तू विचारशील, मावशी, लिंक पाठवा ना त्या झऱ्याची. नाही पाठवणार. लवकर या, माझे पाय चालतायत तोवर. एकदा मागून चाललात की वाट तुमच्याही पायाखालची होईल.